मोठा पडदा कोणत्या खेळाला? घोडबंदर रोडवरचं एक चित्रपटगृह आणि गेमवरच्या सिनेमाचा दुसरा भाग

हे प्रकरण ठाण्यातल्या तीन पडद्यांच्या एका चित्रपटगृहाचं आहे. चित्रपटगृह, वितरक आणि सिनेमा यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे. सिनेमा होता एका गाजलेल्या व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटाचा दुसरा भाग, इंग्रजी आणि हिंदी डब अशा दोन भाषांत.

पार्श्वभूमी

मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यातलं हे चित्रपटगृह एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या पडद्याला २८४ खुर्च्या, दुसऱ्याला १७२, तिसऱ्याला १०८. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर मॉलमधली मोठी मल्टिप्लेक्स आहेत. ज्याला मोठा पडदा आणि भारी आवाज हवा असतो, तो तिकडे जातो. इथे येतात ते आसपासच्या सोसायट्यांमधले लोक: आजी-आजोबा, शाळकरी मुलं, त्यांचे आईबाप. तिकीट थोडं स्वस्त, पार्किंग सोपं, घर जवळ.

या भागाची एक गोष्ट मुंबईत बसून खेळ लावणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी माजिवडा, कापूरबावडीपासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. मेट्रो ४ च्या कामाने रस्ता अरुंद झाला, तेव्हापासून साडेसहाचा खेळ गाठणं नोकरदार माणसाला जवळजवळ अशक्य झालं. आठला घरी पोचलेला बाप मुलांना घेऊन साडेनऊच्या खेळाला येत नाही, कारण सकाळी पावणेसातला शाळेची बस असते. मुलांच्या सिनेमाला इथे संध्याकाळ जवळपास नसतेच.

पहिला भाग याच चित्रपटगृहात तीन आठवडे चालला होता आणि बरा चालला होता. त्याचे रोजचे हिशेब, म्हणजे डीसीआर, फायलीत होते. पुढचं सगळं रामायण ते नीट न वाचल्यामुळे घडलं.

अडचण

दुसऱ्या भागासाठी वितरकाने अट घातली: पहिला आठवडाभर मोठ्या पडद्यावर इंग्रजीचे रोज चार खेळ, त्यातले दोन संध्याकाळचे, आणि तिसऱ्या पडद्यावर हिंदीचे दोन. एकूण सहा. तारीख होती एप्रिलच्या मध्यावरचा शुक्रवार. राज्य मंडळाच्या शाळांत तेव्हा वार्षिक परीक्षा चालू असतात. सीबीएसईच्या मुलांचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. त्यात आयपीएलचे सामने रोज साडेसातला. शिवाय मोठ्या पडद्यावर दुसऱ्या आठवड्यात आलेला एक मराठी कौटुंबिक सिनेमा संध्याकाळी चांगली गर्दी खेचत होता. त्याला हलवून दुसऱ्या पडद्यावर दुपारी साडेतीनला न्यावं लागणार होतं.

बुकर या चित्रपटगृहासोबत आणखी दोन ठिकाणांचे खेळ लावतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: पहिल्या भागाने जगभर मोठी कमाई केली, दुसरा त्याहून मोठा होणार, मोठा पडदा द्यायलाच हवा. व्यवस्थापकाला तिकीट खिडकीवरच्या बाईंचं म्हणणं आठवत होतं. पहिल्या भागाच्या वेळी त्या दर शनिवारी सांगायच्या, "साहेब, सगळे हिंदीच मागतायत, आणि सकाळचंच." पण ते तोंडी होतं, कागदावर नव्हतं.

जगभरचे आकडे काय सांगत होते

बुकरच्या मुद्द्यात तथ्य होतं, म्हणून तो आधी नीट तपासायला हवा.

गेमवरच्या सिनेमांची सुरुवात वाईट झाली. १९९३ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' साधारण ४.८ कोटी डॉलर खर्चून केला आणि अमेरिकेत २.१ कोटी डॉलरच्या आसपास थांबला. तीस वर्षांनी, २०२३ साली, त्याच मारिओवरच्या ॲनिमेशनपटाने जगभरात सुमारे १३६ कोटी डॉलर मिळवले. २०२५ चा 'अ माइनक्राफ्ट मूव्ही' ९५ कोटींच्या पुढे गेला. म्हणजे गेमवरचा सिनेमा आपटतोच, हा समज आता जुना झाला. अधूनमधून २०२४ च्या 'बॉर्डरलँड्स'सारखा अपघात होतो. त्याचा खर्च ११ कोटी डॉलरच्या वर गेला आणि जगभरातली कमाई साडेतीन कोटींच्या आत राहिली.

पण इथे प्रश्न पहिल्या भागाचा नव्हता, दुसऱ्याचा होता, आणि दुसऱ्या भागांची गोष्ट निराळी आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या पहिल्या भागाने १९९५ साली सुमारे १२.२ कोटी डॉलर कमावले, दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्याने ५.१ कोटी. 'लारा क्रॉफ्ट: टूम रेडर' २००१ साली २७.४ कोटी, २००३ चा दुसरा भाग १६ कोटींच्या जवळ. 'अँग्री बर्ड्स' २०१६ साली ३५ कोटी, २०१९ चा दुसरा १५ कोटींच्या आसपास. या शेवटच्या जोडीकडे जरा थांबून बघावं. समीक्षकांना दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडला होता, तरी कमाई निम्म्याहून खाली आली. सिनेमा चांगला करून उपयोग झाला नाही, कारण तीन वर्षांत मुलांच्या हातातला गेमच बदलला होता, आणि पहिला भाग पाहून पुन्हा यायची ओढ फारशी कोणाला राहिली नव्हती. दुसऱ्या भागाचा पहिला शनिवार-रविवार हा पहिल्या भागाने प्रेक्षकाला दिलेल्या समाधानाचा हिशेब असतो. पहिल्या भागाचा गल्ला मोठा असला म्हणून समाधानही मोठं होतं असं नाही.

उलट उदाहरण 'सॉनिक'चं. २०१९ ला पहिल्या झलकेतला सॉनिकचा चेहरा लोकांना रुचला नाही. निर्मात्यांनी प्रदर्शन पुढे ढकललं, पात्र नव्याने घडवलं आणि सिनेमा फेब्रुवारी २०२० मध्ये आणला. त्याने ३१.९ कोटी मिळवले, दुसऱ्याने २०२२ साली ४०.५, तिसऱ्याने ४९ च्या आसपास. प्रत्येक भागाच्या शेवटी श्रेयनामावलीत पुढच्या भागातलं नवं पात्र दाखवलं. गेम खेळणाऱ्या मुलांना ते पात्र आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्या अर्ध्या मिनिटाच्या दृश्यावर त्यांची पुढची दोन वर्षं जातात. या दृश्याने आपल्या प्रकरणात वेगळाच घोळ घातला, तो पुढे येईल.

'रेसिडेंट ईव्हिल'ची मालिका सहा भाग चालली. २०१० चा चौथा भाग ३डी कॅमेऱ्यांनी चित्रित केला होता, तो तिसऱ्याच्या दुप्पट गेला. शेवटचा भाग ३१.२ कोटींवर पोचला, पण त्यातले सुमारे १६ कोटी एकट्या चीनमधले होते आणि अमेरिकेतले जेमतेम २.७ कोटी. २०१६ च्या 'वॉरक्राफ्ट'चंही तसंच: एकूण ४३.९ कोटी, अमेरिकेत ४.७ कोटी, चीनमध्ये २१ कोटींच्या वर. जगभरचा आकडा हातात घेऊन घोडबंदर रोडचे खेळ ठरवू नयेत, ते यासाठी. तो आकडा कुठल्या गावच्या खिशातून आला, हे त्यात दिसत नाही.

आणखी एक फरक बुकरच्या नजरेतून सुटला: चाहत्यांचा सिनेमा आणि कुटुंबाचा सिनेमा. 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' २०२३ साली अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ८ कोटी डॉलर घेऊन गेला आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी १.९ कोटींवर आला. तो त्याच दिवशी ओटीटीवरही होता, हे खरं. त्याच वर्षीचा मारिओ पहिल्या शुक्रवार ते रविवारी १४.६ कोटी आणि पुढच्या शुक्रवार ते रविवारी ९.२ कोटी. चाहता पहिल्या रात्रीच येतो, कारण शेवट काय झाला हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नसतं. कुटुंब मात्र सोयीने येतं: परीक्षा संपल्यावर, पाहुणे आल्यावर, रविवारी सकाळी. आपल्या हातातला सिनेमा या दोन्हींपैकी कुठला, हे ठरल्याशिवाय खेळांच्या वेळा ठरवता येत नाहीत. इथला सिनेमा कुटुंबाचा होता. लावला गेला चाहत्यांचा म्हणून.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, अट जशीच्या तशी मान्य करणं.

दुसरा, एकूण सहा खेळ तेच ठेवून अदलाबदल मागणं: सकाळ-दुपार मोठ्या पडद्यावर हिंदी, इंग्रजी तिसऱ्या पडद्यावर, आणि मोठ्या पडद्याची संध्याकाळ मराठी सिनेमाकडे.

तिसरा, पहिला आठवडा सोडून देऊन सिनेमा दुसऱ्या आठवड्यात घेणं. हा पर्याय वरवर विचित्र वाटतो, पण हिशेबात बसतो. २००९ च्या संपानंतर हिंदी सिनेमासाठी मल्टिप्लेक्स आणि वितरक यांच्यात जे सूत्र ठरलं, त्यात कर वजा जाता उरलेल्या रकमेतला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत जातो. या सिनेमाच्या करारातही हेच टप्पे होते. कुटुंब उशिरा येत असेल, तर उशिरा विकलेलं तिकीट चित्रपटगृहाला जास्त देतं. तोटा असा की आठवडाभर पाटीवर नाव नसलं की मुलं मॉलमध्ये जाऊन सिनेमा पाहून येतात.

दुसरा पर्याय सरस होता, आणि व्यवस्थापकाला तो पटलाही होता. तरी निवडला गेला पहिला. त्याच वितरकाचा एक मोठा सिनेमा महिन्याभराने येणार होता, आत्ता ताणून धरलं तर तो हातून जाईल ही भीती होती. ही भीती खोटी नसते, छोट्या चित्रपटगृहाला ती नेहमीची असते. पण वितरकाशी बोलायला गेलं की भीतीसमोर कागद ठेवावा लागतो, आणि तो तयार नव्हता. तिकीट प्रणालीच्या आठवड्याच्या अहवालात इंग्रजी आणि हिंदी एकाच नावाखाली जोडलेले होते आणि वेळा दिसतच नव्हत्या. खेळनिहाय, भाषानिहाय यादी काढायला अर्धा तास पुरला असता. ती नंतर, शनिवारी रात्री काढली गेली. पहिल्या भागाच्या वेळी दहापैकी सहा खेळ इंग्रजीचे होते, पण दर तीन तिकिटांतली दोन हिंदीची होती. शनिवार-रविवारी दुपारी दोनच्या आत सुरू झालेले हिंदीचे सगळे खेळ भरलेले. सातनंतरचे सरासरीने पाव भरलेले.

शुक्रवार ते रविवार

शुक्रवारी सकाळी साडेदहाचा इंग्रजी खेळ: २८४ खुर्च्यांत ३१ माणसं. शाळेचा दिवस, त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. रात्री साडेनऊला १२१ आले, बहुतेक कॉलेजातली मुलं, काही जण गेममधल्या पात्राचे टी-शर्ट घालून. या १२१ ने बुकर निर्धास्त झाला. त्याने व्यवस्थापकाला फोनवर सांगितलं, "बघा, संध्याकाळ चालते की." खरं तर ती चाहत्यांची एकच रात्र होती. शनिवारी रात्री त्याच खेळाला ५८ जण होते.

शनिवारी सकाळी तिसऱ्या पडद्यावरचा दहाचा हिंदी खेळ नऊ वीसलाच भरला. १०८ खुर्च्या. त्यानंतर पावणेदहापर्यंत खिडकीवरून चाळीसेक माणसं परत गेली. त्यांना साडेदहाचं इंग्रजी देऊ केलं तर बहुतेकांनी मान हलवली. एका आजोबांनी दोन नातवंडांकडे बोट दाखवून सांगितलं, "यांना समजेल हो, मला नाही समजणार." हे वाक्य प्रत्येक बुकरने लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजी माध्यमातलं मूल इंग्रजीत सिनेमा पाहू शकतं, पण तिकीट काढणारा मोठा माणूस सोबत बसणार असतो, आणि धाकटं भावंडही असतं. भाषा त्या कुटुंबातल्या सगळ्यात कमी इंग्रजी येणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरते. तीन-चार जणांनी मराठी आहे का, असंही विचारलं. मराठी डब नव्हतं. बाजूच्याच मोठ्या पडद्यावर इंग्रजी खेळाला ९६ माणसं बसली होती आणि १८८ खुर्च्या रिकाम्या होत्या.

व्यवस्थापकाने अकरा वाजता ठरवलं की रविवारी पडद्यांची अदलाबदल करायची. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की फाइल या प्रोजेक्टरवरून त्या प्रोजेक्टरवर टाकली की झालं. तसं नसतं. सिनेमा डीसीपी या कूटबद्ध स्वरूपात येतो आणि तो उघडणारी किल्ली, म्हणजे केडीएम, एका ठरावीक आवृत्तीसाठी, एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखा-वेळांपुरती दिलेली असते. हिंदी आवृत्तीची किल्ली फक्त तिसऱ्या पडद्याच्या सर्व्हरची होती, इंग्रजीची फक्त पहिल्याची. अदलाबदलीसाठी दोन नव्या किल्ल्या लागणार होत्या. वितरकाच्या माणसाची संमती मिळवून मदतकक्षाला मेल गेला तो साडेबाराला, सोबत दोन्ही सर्व्हरचे अनुक्रमांक. पहिल्या मेलमध्ये एक अनुक्रमांक चुकला, तो दुरुस्त करून पुन्हा पाठवण्यात पाऊण तास गेला. किल्ल्या आल्या चार चाळीसला.

एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. हिंदी आवृत्ती हा पूर्ण वेगळा सिनेमा नसतो. मूळ इंग्रजी पॅकेज सर्व्हरवर असलं की हिंदीसाठी वेगळा आवाज आणि बदललेल्या पाट्यांचे तुकडे एवढंच वर चढवावं लागतं. पहिल्या सर्व्हरवर मूळ पॅकेज होतंच, त्यामुळे काम अठरा मिनिटांत झालं. तिसऱ्या सर्व्हरवरही हिंदीसाठी मूळ पॅकेज आधीच घेतलेलं होतं, तिथे इंग्रजीला फक्त किल्ली पुरली. नाहीतर दीडदोनशे जीबीची फाइल चढवण्यात शनिवारची रात्र गेली असती. ऑपरेटरने दोन्ही आवृत्त्या सुरुवातीची पाच मिनिटं, इंटरव्हलच्या आसपासची दोन आणि शेवटची पाच अशा लावून पाहिल्या. हे दर वेळी करावं. किल्ली वैध दिसते, पण मधल्या एखाद्या तुकड्याशी नीट जोड नसेल तर पडदा काळा होतो, आणि ते भर खेळात कळतं.

विकलेल्या तिकिटांचं काय करायचं? रविवार सकाळच्या इंग्रजीची ४१ तिकिटं आधीच गेली होती. वेळ साडेदहाच ठेवली, फक्त पडदा बदलला. सगळ्यांना संदेश गेले आणि दारावर एक मुलगा यादी घेऊन उभा केला. खुर्च्यांचे क्रमांक जुळत नव्हते, म्हणून ज्यांनी मागची रांग घेतली होती त्यांना मागचीच दिली. एकानेही पैसे परत मागितले नाहीत. वेळ बदलली असती तर बरेच जण चिडले असते.

रविवारी दहाच्या हिंदीला २६१, पाऊण वाजताच्या हिंदीला पूर्ण २८४. तिसऱ्या पडद्यावर साडेदहाच्या इंग्रजीला ८८.

श्रेयनामावलीतली नऊ मिनिटं

इथे एक तांत्रिक चूक झाली. सिनेमा ११२ मिनिटांचा, त्यात शेवटची नऊ मिनिटं श्रेयनामावली. १५ मिनिटं जाहिराती आणि झलका, १५ मिनिटं इंटरव्हल. दहाचा खेळ १२ वाजून २२ मिनिटांनी संपतो, पुढचा पावणेएकला. मध्ये २३ मिनिटं. वेळा आखताना गृहीत धरलं होतं की नावं सुरू झाली की लोक उठतात, म्हणजे झाडलोट करायला अर्धा तास मिळेल. हिंदी, मराठी सिनेमाला हे खरं असतं. गेमवरच्या सिनेमाला नसतं. मुलं खुर्चीच्या कडेला सरकून बसली, शेवटच्या दृश्याची वाट पाहत.

त्यातच सर्व्हरवरचा दिव्यांचा आदेश आधीच्या सिनेमाच्या साच्यातून तसाच आला होता: नावं सुरू होताच पूर्ण प्रकाश. २६१ माणसांवर एकदम झगझगीत दिवे पडले, पडदा फिका झाला, आणि मुलांनी आरडाओरडा केला. ऑपरेटरने हाताने दिवे उतरवले. शेवटचं दृश्य संपल्यावर लोक बाहेर पडायला नऊ मिनिटं लागली: बाबागाड्या, दप्तरं, झोपलेलं मूल खांद्यावर. झाडणाऱ्या दोघांना १४ मिनिटं उरली आणि खाली पॉपकॉर्नचा सडा होता. पुढचा खेळ १३ मिनिटं उशिरा लागला, त्याने पावणेचारचा हिंदी सिनेमाही मागे ढकलला. 'माइनक्राफ्ट'च्या वेळी अमेरिका-इंग्लंडात एका दृश्याला मुलं पॉपकॉर्न उधळायची आणि चित्रपटगृहांना तंबीच्या पाट्या लावाव्या लागल्या होत्या. इथे कोणी उधळलं नव्हतं. लहान मुलांच्या हातून सांडतं तेवढंच सांडलं होतं, पण २६१ जणांचं.

सोमवारपासून तीन बदल केले. नावं सुरू होताना फक्त पायऱ्यांचे दिवे आणि भिंतींचा मंद प्रकाश, पूर्ण दिवे शेवटच्या दृश्यानंतर. शनिवार-रविवारी दोन खेळांमध्ये शेवटच्या चित्रापासून मोजून ३५ मिनिटं. झाडायला दोघांऐवजी चौघं, दोघं वरून, दोघं खालून.

सोमवारची बोलणी आणि सकाळचं तिकीट

आता हातात कागद होता. व्यवस्थापकाने वितरकाला तीन दिवसांची खेळनिहाय, भाषानिहाय यादी पाठवली आणि खाली दोन ओळींचा हिशेब मांडला. रविवारच्या दहाच्या हिंदी खेळाचं तिकीट १३० रुपये. १८ टक्के जीएसटी काढून ११०.१७ रुपये. २६१ तिकिटांचे २८,७५४. शुक्रवारच्या साडेसहाच्या इंग्रजी खेळाचं तिकीट २२०, कर काढून १८६.४४, माणसं ३८, एकूण ७,०८५. संध्याकाळचं तिकीट महाग असूनही गल्ला पाव. वाटा अर्धा-अर्धा, म्हणजे हे नुकसान वितरकाचंही तेवढंच. बोलणं वीस मिनिटांत संपलं. सहा खेळांची संख्या कायम, पण संध्याकाळचे दोन्ही इंग्रजी खेळ तिसऱ्या पडद्यावर, आणि सकाळ-दुपार मोठ्या पडद्यावर हिंदी. मंगळवारपासून मराठी सिनेमा मोठ्या पडद्यावर परतला. तोही साडेसहाला नाही, पावणेआठला. सामना असूनही त्याला रोज ९०-१०० माणसं आली.

दुसरा निर्णय तिकिटाच्या दराचा होता आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८. म्हणजे १०५ रुपयांच्या तिकिटात करानंतर १०० उरतात, आणि ११८ रुपयांच्या तिकिटातही १०० च उरतात. १०५ आणि ११८ यांच्या मधला कुठलाही दर लावणं म्हणजे प्रेक्षकाकडून जास्त घेऊन स्वतःला कमी ठेवणं. कामाच्या दिवसांतला सकाळचा खेळ १३० वरून १०५ वर आणला. प्रेक्षकाचे २५ रुपये वाचले, चित्रपटगृह आणि वितरक मिळून १०.१७ रुपयांनी खाली आले. चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये सुटले, आणि ते बहुतेक करून खाण्याच्या काउंटरवर परत आले. त्या पैशांत वितरकाचा वाटा नसतो.

निकाल

पहिल्या आठवड्यात सगळी मिळून २,५८० च्या आसपास तिकिटं विकली गेली, त्यातली ८५० एकट्या रविवारची. सोमवारी १९० होती, बदलानंतर मंगळवार ते गुरुवार रोज २२० ते २४०. आठवडा संपेपर्यंत आकडा पडत जायला हवा, इथे तो सोमवारनंतर चढून स्थिर राहिला. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पडद्यावर हिंदीचे दोन आणि तिसऱ्यावर इंग्रजीचा एक खेळ ठेवला, ११४० तिकिटं गेली. निम्म्याहूनही कमी, पण त्या आठवड्याला खेळही निम्मेच होते.

मग सिनेमा उतरवला. १ मेच्या शुक्रवारी नवे सिनेमे येणार होते आणि तिन्ही पडदे त्यांना दिले गेले.

काय वेगळं करता आलं असतं

शनिवारची परत गेलेली माणसं डोळ्यांना दिसली, म्हणून त्यांची चर्चा झाली. खरी मोठी चूक तिसऱ्या आठवड्याची होती. राज्य मंडळाच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात आणि उन्हाळी सुट्टी मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेपासून लागते. ज्या मुलांना अभ्यासामुळे दोन आठवडे येता आलं नाही, ती मोकळी झाली त्याच दिवशी सिनेमा उतरला. त्या आठवड्यात खिडकीवर रोज दहा-पंधरा जण तोच सिनेमा विचारत होते. नव्या सिनेमांना सकाळी दहाला फारसा प्रेक्षक नसतो. तिसऱ्या पडद्यावर दहाचा एकच हिंदी खेळ ठेवायला काहीच हरकत नव्हती, शिवाय त्या आठवड्यात वितरकाचा वाटा ३७.५ टक्क्यांवर आलेला असता. किल्लीची मुदत वाढवून घ्यायला बुधवारपर्यंत एक मेल पाठवायचा होता. तो कोणी पाठवला नाही, कारण सगळं लक्ष नव्या सिनेमांवर होतं.

दुसरी गोष्ट, किल्ल्या पहिल्यापासूनच तिन्ही पडद्यांसाठी आणि दोन्ही भाषांसाठी मागवता आल्या असत्या. करार करतानाच सांगितलं तर वितरक सहसा नाही म्हणत नाही. ते झालं असतं तर शनिवारचा पाऊणचा हिंदी खेळ मोठ्या पडद्यावर गेला असता. तोही १०८ वर भरून माणसं परत पाठवत होता.

तिसरी, पहिल्या भागाच्या डीसीआरची भाषा आणि वेळेनुसार यादी. ही आता या चित्रपटगृहात प्रत्येक सिनेमा उतरवताना एका पानावर काढली जाते आणि त्यावर दोन ओळी हाताने लिहिल्या जातात: खिडकीवर लोक काय मागत होते, आणि किती जण परत गेले. परत गेलेल्या माणसाची नोंद कुठल्याच प्रणालीत नसते. ती फक्त खिडकीवरच्या बाईंना माहीत असते. पुढचा भाग दोन-तीन वर्षांनी येईल तेव्हा त्या तिथे असतील-नसतील, पान फायलीत असेल.

शुक्रवार रात्रीच्या १२१ चाहत्यांबद्दल मात्र मतभेद राहिला. बुकर म्हणतो, त्यांच्यासाठी पहिल्या रात्री मोठा पडदा हवाच होता. व्यवस्थापकाचं म्हणणं, दुसऱ्या पडद्याच्या १७२ खुर्च्यांत ते आरामात मावले असते. माझ्या मते दोघंही अर्धे बरोबर आहेत: पहिल्या शुक्रवारचा शेवटचा खेळ मोठ्या पडद्यावर द्यावा, पण करारात फक्त त्या एका रात्रीपुरता, सात रात्रींसाठी नाही. पुढच्या करारात हे कलम घालायला वितरकाने तोंडी होकार दिला आहे.